जातीच्या रकान्यातली रेघ

शाळेच्या प्रवेश-रजिस्टरात मी जवळजवळ तीस वर्षं मुलांची नावं लिहिली. नाव, बापाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, अंगावरच्या दोन खुणा, मग धर्म आणि जात. खुणा शोधायला पोरांना खिडकीपाशी उजेडात उभं करावं लागे. गालावर तीळ, गुडघ्यावर पडल्याचा व्रण, नाहीच काही सापडलं तर कानामागे लासं. जातीच्या रकान्याला मात्र उजेड लागत नसे. आई-बाप तो शब्द तोंडात तयार ठेवूनच टेबलापाशी यायचे. काही जण छाती काढून सांगायचे, काही जण इतक्या हळू की मला पुन्हा विचारावं लागे. पुन्हा विचारलं की मागच्या रांगेला ऐकू जायचं.

मी शिक्षिका होते ती कुंभकोणमहून चोळपुरम्कडे जाताना लागणाऱ्या एका सरकारी शाळेत. पहिली ते आठवी, सहा खोल्या, एक चिंचेचं झाड, आणि पावसात गळणारा स्वयंपाकाचा कोपरा. टाउन बसनं जायची, टाउन बसनं यायची. शाळेत सगळा व्यवहार तमिळ, घरी मराठी. आम्ही तंजावरकडचे मराठी. आमचे पूर्वज इथे आले त्याला इतक्या पिढ्या झाल्या की पुण्याच्या माणसांना आमचं बोलणं ऐकून हसू येतं. जुन्या पोथीतून कुणी उठून बोलायला लागलंय असं त्यांना वाटतं म्हणे. हे जे मराठी मी लिहिते आहे ते मासिकं वाचून कमावलेलं आहे. सासूबाईंपुढे असं बोलले असते तर त्यांनी विचारलं असतं, कोणाच्या घरची ग तूं?

घरात दर एकादशीला विठ्ठलाचं भजन. सासरे मृदंग छान वाजवायचे. विठ्ठलाला जात नाही, हे ते डोळे मिटून गायचे, आणि डोळे उघडल्यावर मोलकरणीचा पेला मोरीतल्या कोनाड्यात वेगळा आहे ना ते बघायचे. ते वाईट नव्हते. त्यांना त्यात काही विसंगत दिसतच नव्हतं. मला दिसायचं, आणि नव्या सुनेनं बोलायचं नसतं म्हणून मी ते सगळं शाळेत नेऊन बोलायची.

शाळेत माझं ऐकून घेणारं माणूस होतं ते आमचे हेडमास्तर. बुटके, पांढरा शर्ट, खिशाला नेहमी शाईचा डाग. देव मानायचे नाहीत. पण देव न मानणाऱ्या पुष्कळ लोकांना जी एक खुमखुमी असते, ती त्यांना नव्हती. पोरांच्या कपाळावर विभूती असो, कुंकू असो, डोक्याला टोपी असो, ते कधी काही बोलले नाहीत. ‘‘कपाळ ज्याचं त्याचं, भिंत सगळ्यांची,’’ एवढंच म्हणायचे. त्यामुळे शाळेच्या भिंतीवर एकही तसबीर नव्हती. नकाशे होते, शरीराच्या आतल्या भागांचं एक चित्र होतं, आणि मुलांनी काढलेल्या बैलगाड्या होत्या.

आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, बाकीच्या शाळांत टेबलांना चंदन लागायचं, कोहळा फुटायचा. आमच्याकडे हेडमास्तर बादली आणि फडकं घेऊन पोरांबरोबर बाकं पुसायला बसायचे. एका वर्षी काही पालक भांडायला आले. हे सरकारी इस्कूल आहे की पाखंड्यांचा मठ, असं एकानं विचारलं. हेडमास्तरांनी त्याच्या हातात फडकं दिलं. तो बिचारा इतका गोंधळला की त्यानं दोन बाकं पुसली आणि मग भांडण पुढे चालू केलं.

दुपारच्या जेवणाला ते पोरांच्या रांगेत मांडी घालून बसायचे. मलाही बसवलं. सांबारभात मी खायची. अंडं मात्र माझ्यानं गिळवत नसे, ते शेजारच्या पोराच्या ताटात जायचं. माझ्या शेजारी बसायला म्हणूनच मारामारी. असं जेवून घरी आले की सासूबाईंच्या नियमाप्रमाणे मागच्या दारानं आत शिरायचं, अंघोळ करायची आणि मग स्वयंपाकघर. त्यांचं एकच वाक्य होतं: ‘‘शाळेंत काय तें कर, घरांत आणूं नको मा.’’ मला हे सोयीचं वाटायचं. दोन घरं सांभाळते आहे मी, असं हसून सांगायची.

तर जातीचा रकाना. हेडमास्तरांनी मला दाखवून दिलं की आई-बापांनी पत्र लिहून दिलं तर तो रिकामा ठेवायची किंवा तिथे ‘नाही’ लिहायची सरकारची परवानगी आहे. त्यांनी स्वतःच्या दोन्ही मुलींचं तसंच केलं होतं. मला कोण आनंद झाला. मी तेव्हा चाळिशीच्या आतली, डोक्यात वारं भरलेली. शाळा म्हणजे काय, तर माणसाला माणूस म्हणून पहिल्यांदा नाव मिळण्याची जागा, असलं काहीतरी मी शिक्षकांच्या बैठकीत बोलले होते आणि टाळ्या मिळवल्या होत्या. आता ते बोलणं आठवलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं. पण खोटं नव्हते बोलत. आजही तेच वाटतं, हीच तर अडचण आहे.

मी प्रवेशाच्या टेबलावर बसले की प्रत्येकाला विचारायची: हा रकाना रिकामा ठेवायचा का? बहुतेकांना ते समजायचंच नाही. एक शेतमालक रागावून निघून गेला. दारासुरमचा एक रेशमाचा विणकर, दोन मुलांना हाताशी धरून आलेला, मोठ्यानं हसला. म्हणाला, ‘‘टीचर, तुमचं बोलणं गोड आहे. पण आमच्यासारख्याला उद्या हा कागदच लागतो. तुम्ही गुपचूप लिहा बघू.’’ मी लिहिलं, पण मनातून त्याची कीव केली. माणूस सुधारत नाही, असं हेडमास्तरांना सांगितलं. ते शाईचा डाग खरवडत बसले.

त्याच वर्षी जून महिन्यात ती बाई आली. चोळपुरम्च्या पलीकडच्या वस्तीतली, भातलावणीला जाणारी. तिच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल वाळलेला होता. शेतातून थेट आली असणार. बरोबर पाच वर्षांची मुलगी, तेल लावून चप्प विंचरलेली. नवरा ती पोटात असतानाच वारलेला. नाव झालं, तारीख झाली, हनुवटीखालचा व्रण झाला. पुढचा रकाना येतोय हे बाईला कळलं आणि तिनं मागे वळून रांगेकडे बघितलं. रांगेत तिच्या मालकाची सून उभी होती. मग ती टेबलावर इतकी वाकली की तिचा श्वास माझ्या हाताला लागला, आणि तिनं तो शब्द सांगितला.

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, ‘‘इथे हे सांगायची गरज नाही. तुझी मुलगी इथे मुलगी म्हणून येते आहे.’’

तिला कळेना. मी समजावून सांगितलं, रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात. ती ऐकत होती तेव्हा तिचा चेहरा बदलत गेला. मी खूप वर्षं त्या चेहऱ्यावर जगले. कुणीतरी डोक्यावरचा भारा उतरवायला हात लावावा तशी तिची मान सैल झाली. पत्र मीच लिहिलं, कारण तिला लिहिता येत नव्हतं. तिनं अंगठा दिला. आणि मी रजिस्टरात, धर्म आणि जात या दोन्ही रकान्यांतून, पट्टी लावून एक सरळ रेघ ओढली. वर लिहिलं: नाही.

त्या वर्षी असं पत्र देणारी ती एकटीच.

मुलगी हुशार निघाली. हुशार म्हणजे पाठांतर करणारी नव्हे. पाठांतराला ती आळशीच होती. तिला प्रश्न पडायचे. जेवताना एकदा मी अंडं शेजारी सारलं तर म्हणाली, ‘‘टीचर, या अंड्यात कुठला देव बसलाय?’’ हेडमास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. पिण्याच्या पाण्याचा माठ भरायची पाळी लावलेली होती, सगळ्यांची सारखी. तिची पाळी असली की दोन-तीन पोरं घरून बाटली आणायची. तिच्या ते लक्षात आलं तेव्हा ती तिसरीत होती. ती रडली नाही. तिनं वर्गात उभं राहून विचारलं, की माठातल्या पाण्याला कसं कळतं ते कुणी भरलंय? मग तो आमचा विज्ञानाचा धडाच झाला. आम्ही दोन ग्लास घेतले, एक तिनं भरलेला, एक मालकाच्या नातवानं भरलेला, आणि कोणता कुणाचा ते ओळखा म्हटलं. कुणालाही ओळखता आलं नाही. दुसऱ्या दिवशी बाटल्या बंद झाल्या.

कुणी म्हणेल हे क्षुल्लक आहे. नाही. मी तिथे होते. आठ वर्षांची एक पोर त्या दिवशी ताठ चालत घरी गेली, हे मी बघितलं आहे. देवाधर्माला मध्ये न आणता, नुसत्या दोन ग्लासांनी शाळेनं ते करून दाखवलं होतं. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी तिला विचारलं, तुम्ही कुठले लोक? ती म्हणाली, ‘‘सहावीचे.’’

सहावीतच पहिली ठेच लागायला हवी होती. शाळेतर्फे सगळ्या मुलांचे जातीचे दाखले काढून द्यायचे होते. अर्ज आले, मी वर्गात वाटले. तिच्या नावापुढे रेघ होती म्हणून तिचा अर्ज निघालाच नाही. तिची आई बसथांब्यावर मला भेटली. विचारलं, ‘‘सगळ्यांना कागद मिळतोय म्हणे टीचर, आमच्या पोरीला नको का?’’ मी म्हटलं, ‘‘तिला कशाला? ती स्वतःच्या अकलेवर जाईल.’’ बाई समाधानानं हसली. फुकट पुस्तकं, गणवेश, जेवण हे तर सगळ्याच पोरांना होतं. तिला काही कमी पडतंय असं दिसत नव्हतं. आणि हेडमास्तर तोवर निवृत्त होऊन लेकीकडे गेले होते. मला अडवणारं कुणी नव्हतं.

तिला काय व्हायचं होतं तेही सांगते. आडुतुरैला भाताच्या वाणांवर संशोधन करायचं केंद्र आहे. तिच्या आईला हंगामात तिथल्या शेतांत लावणीचं काम मिळायचं, आणि सुट्टीत ही पोर बरोबर जायची. तिथे प्रत्येक वाफ्याला पाटी. ती पाट्या वाचत हिंडायची, आणि सोमवारी मला येऊन सांगायची, कुठला भात पाण्यात चार दिवस बुडून राहिला तरी मरत नाही, कुठल्याला लोंबी लवकर येते. बांधावरून एक बाई टोपी घालून, हातात वही घेऊन चालायची म्हणे. ती वाकायची ती फक्त बघण्यापुरती. ‘‘आई दिवसभर वाकते,’’ ती मला म्हणाली, ‘‘ती बाई बघते, लिहिते आणि उभी राहते. मला ते करायचंय.’’

बारावीला तिला चांगले गुण पडले. अगदी वर नव्हे. पण राखीव जागांतून शेतकी कॉलेजात सहज प्रवेश मिळाला असता. पेढे नव्हते परवडत म्हणून तिच्या आईनं मला केळीच्या पानात बांधून अधिरसम आणले, गुळाच्या अनारशांसारखे. मीच तिचा अर्ज संगणकावर भरायला बसले. भरता भरता तोच रकाना आला. या वेळी त्याच्यापुढे लिहिलं होतं: दाखला जोडा.

मी तिला म्हटलं, जाऊन काढून आणू, दोन दिवसांचं काम आहे. खरंच असं वाटलं होतं मला.

कचेरीतला कारकून तरुण होता, सभ्य होता. त्यानं शाळा सोडल्याचा दाखला उलटसुलट बघितला. पहिलीपासून बारावीपर्यंत सगळीकडे ‘नाही’ असं उतरत गेलं होतं. एकानं लिहिलं की पुढचे तेच उतरवतात. त्यानं विचारलं, आईचा दाखला आहे का? नव्हता. तिनं कधी काढलाच नव्हता. तिला कशाला लागणार होता. तिची जात तर सगळा गाव न विचारताच ओळखत होता. बापाचा? तोही नव्हता. मग कारकून म्हणाला, ‘‘यांनी स्वतःच लिहून दिलंय की आम्हाला जात नाही. आता एकदम आहे म्हणतात. चौकशी करावी लागेल.’’

‘‘यांनी नाही, मी लिहिलंय ते,’’ मी म्हटलं. ‘‘अक्षर माझं आहे.’’

‘‘अंगठा त्यांचा आहे ना टीचर,’’ तो म्हणाला. उद्धटपणे नाही, समजावून. त्याचं काही चुकलं नव्हतं. खोटे दाखले काढणारे असतात, त्यांच्यासाठी ते नियम आहेत.

मग सुरू झाले हेलपाटे. गावचे अधिकारी, त्यांच्या वरचे अधिकारी, शेजाऱ्यांचे जबाब. घोडं मेलं ओझ्यानं, शिंगरू मेलं हेलपाट्यानं, म्हणतात तसं. मी रजा टाकली. रोज सकाळी ती मुलगी आणि तिची आई कचेरीच्या पायरीवर बसलेल्या दिसायच्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन. जिला मी वर्गात ताठ उभं राहायला शिकवलं होतं, ती आता एकेका टेबलापुढे उभी राहून आपण कोण आहोत ते मोठ्यानं सांगत होती. आम्ही तेच आहोत, साहेब. गावात कुणी मेलं की ढोल आम्हीच वाजवतो, साहेब. आमचं देऊळ वेगळं आहे, बघा. तिच्या आईनं बारा वर्षांपूर्वी जे एकदा, कानात, सांगायचं होतं, ते पोरीला दहा ठिकाणी सिद्ध करावं लागलं. मी शेजारी उभी होते. एका अधिकाऱ्यानं विचारलं, ही कोण? म्हणजे मी. तिनं सांगितलं, ‘‘माझ्या टीचर. यांनीच मला शिकवलं.’’ त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोसला असता.

कागद जोडायची शेवटची तारीख गेली. खुल्या यादीत तिचं नाव कितीतरी खाली होतं. दाखला आला तो त्यानंतर, छान शिक्का मारलेला. वरातीमागून घोडं.

पुढच्या वर्षी परत अर्ज करू, मी म्हटलं. कागद तर आता हातात आहे. तिनं मान हलवली. पण पुढचं वर्ष ही चीज ज्यांच्या घरात वर्षभराचा तांदूळ असतो त्यांच्यासाठी असते. पावसाळा संपेपर्यंत तिच्या आईची कंबर गेली; वाकता येईना. मुलगी कुंभकोणममध्ये कपड्यांच्या एका दुकानात लागली. मी दोन-तीनदा निरोप पाठवला, फॉर्म निघालेत म्हणून. चौथ्यांदा पाठवायचा धीर झाला नाही. मी घरी हे सगळं सांगितलं तेव्हा सासूबाई, ज्या तोवर फार थकल्या होत्या, म्हणाल्या, ‘‘लोकांच घरच दिवा कशाला हो फुंकलीस?’’ मी तेव्हा त्यांच्याशी भांडले. चार दिवस बोलले नाही.

मी अजून तत्त्वाला दोष देऊ शकत नाही, आणि हेच मला छळतं. ज्या शाळेनं तिला दोन ग्लासांचा प्रश्न विचारायला शिकवलं तीच शाळा, तीच मी. रकाना नसता तर जग बरं झालं असतं. पण रकाना पुसल्यानं जग पुसलं जात नाही, एवढी साधी गोष्ट त्या हसऱ्या विणकराला कळत होती आणि बी.एड. झालेल्या मला कळली नाही. निवृत्तीच्या समारंभात माझ्याबद्दल भाषणं झाली. जातपात न मानणाऱ्या टीचर, असं एकजण म्हणाला. मी शालीच्या आत हात आवळून बसले होते.

यंदा मुलाचं लग्न ठरलं. मुलगी आमच्यातलीच, तंजावरची. कुंडल्या-बिंडल्या सगळं यथासांग. साड्या घ्यायला मी एकटीच गेले, कारण नवरा साड्यांच्या दुकानात पाय ठेवत नाही. पहिल्या मजल्यावर, लग्नाच्या साड्यांच्या गाद्यांवर ती होती. दुकानाच्या निळ्या साडीत, केसांत अबोली. सात-आठ वर्षांनी बघत होते, पण हनुवटीखालच्या व्रणाआधी मी ती ताठ मान ओळखली.

‘‘टीचर!’’ तिला खरंच आनंद झाला. तिनं पाणी मागवलं, पंखा माझ्याकडे वळवला. आई कशी आहे, विचारलं. घरीच असते, म्हणाली, बसून भाजी निवडते. लग्न? नाही अजून. मग लगेच कामाला लागली. न विचारताच तिनं सहावारीचे ढीग बाजूला सारले आणि नऊवारी काढायला सुरुवात केली. माझ्या तोंडावर काहीतरी दिसलं असावं, कारण ती हसली. ‘‘इथे पहिलं तेच शिकवतात टीचर. गिऱ्हाईक जिना चढतंय तोवर ओळखायचं, कुठल्या लोकांचं आहे. कुणाला नऊवारी, कुणाला लाल काठ, कुणाला काळा धागासुद्धा चालत नाही. विचारलं तर काहींना राग येतो, म्हणून बघूनच ओळखायचं. मला चांगलं जमतं. सुपरवायझर म्हणतो, तुझी नजर तयार आहे.’’

मी साड्या बघत राहिले. जांभळी, आंबा रंगाची. मला एकही दिसत नव्हती.

तिनं एक हिरवी साडी माझ्या मांडीवर पसरली आणि आवाज जरा खाली आणून म्हणाली, ‘‘एक विचारू का टीचर? तुमच्या मुलाला कॉलेजच्या वेळी खूप त्रास झाला का? दाखल्याचा?’’

मला कळेना ती काय म्हणते आहे.

‘‘नाही, आई नेहमी सांगते. माझं नाव घालायला ती आली होती तेव्हा तुम्ही तिला म्हणालात, माझाही मुलगा याच वर्षी पहिलीला जातोय. म्हणजे त्याच्याही रकान्यात रेघच असणार ना. कचेरीच्या पायरीवर बसायचो तेव्हा मी आईला म्हणायची, टीचरच्या घरीही आत्ता हेच चाललं असेल. त्या बोलत नाहीत एवढंच.’’

म्हणाले असेन मी. पोरांची वयं सारखी, बायका बोलतातच तसं. माझा मुलगा त्या वर्षी गावातल्या इंग्रजी शाळेत पहिलीला गेला. त्याचा फॉर्म नवऱ्यानं भरला होता, जेवणाच्या टेबलावर. धर्म लिहिला होता, जात लिहिली होती, पोटजातसुद्धा. तिच्यानं त्याला कुठे काही मिळणार नव्हतं, तरी लिहिली होती. मी तो फॉर्म वाचला होता, खाली आईची सही म्हणून सही केली होती, आणि दुसऱ्या दिवशी की तिसऱ्या, आता नक्की आठवत नाही, टाउन बसनं शाळेत जाऊन पट्टीनं ती रेघ ओढली होती. दोन्ही एकत्र माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. घरात वाद कशाला, एवढंही नव्हतं. सुचलंच नव्हतं.

ती माझ्याकडे बघत होती, साडीचं एक टोक हातात धरून.

‘‘हो,’’ मी म्हटलं. ‘‘झाला त्रास.’’

‘‘वाटलंच मला,’’ ती म्हणाली, आणि तिनं माझ्या हातावर हात ठेवला, मीच दुखावलेली असल्यासारखा. ‘‘आईला आज सांगते. ती मधूनमधून रडते ना, की आपल्यालाच का. आता सांगते, टीचरनी स्वतःच्या मुलाचंही तेच केलं म्हणून. तिला बरं वाटेल.’’